सेदाँला फ्रान्स का हरला?

मे १९४० मध्ये जर्मनीपेक्षा फ्रान्सकडे रणगाडे जास्त होते. त्यांतल्या अनेकांचं चिलखत जाड होतं, तोफा मोठ्या होत्या. जर्मनीच्या सुमारे अडीच हजार रणगाड्यांत निम्म्याहून अधिक ‘पँझर-१’ आणि ‘पँझर-२’ होते, म्हणजे हलका माल. तरी सहा आठवड्यांत फ्रान्सनं शस्त्रं खाली ठेवली. ‘ब्लिट्झक्रीग’ म्हणजे पोलादाचा लोंढा, हे चित्रपटांनी डोक्यात बसवलेलं चित्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

ब्लिट्झक्रीगची रीत सांगायला सोपी आहे. सगळी आघाडी रेटत बसायचं नाही. एका अरुंद जागी ताकद एकवटून भगदाड पाडायचं आणि बाजूंची फिकीर न करता शत्रूच्या पिछाडीला घुसायचं. मागे राहिलेल्यांचा समाचार पायदळ घेतं. जर्मन सेनानी मॅनस्टाइनच्या योजनेत ही जागा होती आर्देनचं जंगल आणि पलीकडे म्यूज नदीवरचं सेदाँ. दोस्तांची उत्तम सैन्यं तोवर बेल्जियममध्ये धावून गेली होती. १३ मे रोजी जर्मन विमानांनी तासन्‌तास बॉम्ब टाकले आणि पायदळानं रबरी होड्यांतून नदी ओलांडली. रणगाडे पलीकडे गेले ते रात्रीत पूल बांधून झाल्यावर.

माझ्या मते लढाईचा निकाल त्याच रात्री लागला. फ्रेंचांना संध्याकाळीच प्रतिहल्ला चढवायचा होता. आदेश, जमवाजमव, पुन्हा आदेश यांत सकाळ उजाडली. तोवर जर्मन रणगाडे समोर उभे होते. फ्रेंच सरसेनापती गामलँ यांच्या व्हँसेनच्या मुख्यालयात रेडिओ संचसुद्धा नव्हता. उलट, पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेशाचं काम केलेल्या, आता सेदाँवर चालून आलेल्या रणगाडा दलाचा सेनापती असलेल्या गुडेरियननं रणगाड्यांत रेडिओ हवेतच असा आग्रह धरला होता. जर्मन अधिकाऱ्याला उद्दिष्ट सांगितलं जाई; ते कसं गाठायचं हे जागेवरचा माणूस ठरवी. १७ मे रोजी वरिष्ठांनी थांबायला सांगितलं तेव्हा गुडेरियननं पद सोडण्याची तयारी दाखवली, मग ‘टेहळणी’ची परवानगी पदरात पाडून घेतली. २० मे रोजी त्याचे रणगाडे समुद्राशी पोहोचले.

पण या यशाला फ्रान्सच्या भूगोलाची साथ होती. समुद्र जवळ होता आणि कोंडीत सापडलेल्यांना मागे हटायला जागा नव्हती. २२ जून १९४१ रोजी हीच रीत रशियावर चालवली, तेव्हा जर्मन सैन्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते; रणगाड्यांचे ताफे मूठभर, बाकी फौज पायी. लाखो सोव्हिएत सैनिक वेढ्यांत सापडले, तरी मागे नव्या फौजा उभ्या राहत गेल्या. अंतर वाढलं तसं इंधन कमी पडलं, चिखलानं गाड्या रुतल्या आणि डिसेंबरमध्ये मॉस्कोपुढे जर्मनांनाच मागे हटावं लागलं. निर्णय कितीही झटपट घेतले तरी रिकामी टाकी भरत नाही.

आज ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या खरेदीच्या बातम्यांना ‘युद्धाचं रूप पालटणार’ असे मथळे मिळतात. संख्या छापली जाते. शत्रू दिसल्यापासून तोफ डागण्याची परवानगी मिळेपर्यंत किती सह्या लागतात आणि तिसऱ्या आठवड्यात दारूगोळा कुठून येणार, हे प्रश्न त्या बातम्यांत नसतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर फ्रान्सकडे नव्हतं, दुसऱ्याचं जर्मनीकडे. खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावाला हे दोन्ही प्रश्न विचारायला हवेत.