चाकांवरचे बिऱ्हाड

जर्मनीत नोकरीला असलेले चिरंजीव ‘कॅम्पर व्हॅन घेतोय’ असे कळवतात, तेव्हा इकडे मातोश्रींना पहिली काळजी जेवणाची! ती नको, गाडीत शेगडी असते, निजायला बाक उलगडतो. हॉटेलचे भाडे वाचते. पण सूनबाईंनी आधी पाहावी ती उंची. ६ मीटर लांबीच्या फियाट ड्युकाटोत उभ्याने भात टाकता येतो, शेजारी संडासही बसतो. मात्र छत अडीच मीटरवर, म्हणजे तळघरातल्या वाहनतळाला रामराम. फोक्सवागेनची टी-६ पिढीतली कॅलिफोर्निया जेमतेम २ मीटर. रात्री छत उचलले की वर दोघे, खाली दोघे. संडास नाही, तेव्हा कॅम्पिंगच्या आवाराचे भाडे हिशेबात धरा. जुनी घेतली तरी ती स्वस्त नव्हे. पण सोमवारी तीच कचेरीला जाते, दुसरी मोटर लागत नाही. आमचा कौल हिलाच.

मग वजन. ड्युकाटोवाल्यांनी तर कागद नीट वाचावा. मर्यादा बहुधा ३,५०० किलो; तीत गाडी, माणसे, सायकली, लोणच्याच्या बरण्या सारे आले. १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो! आणि निजायच्या जागा चार असल्या तरी पट्ट्याच्या खुर्च्या तितक्या आहेत का, हे बयाणा देण्यापूर्वी मोजावे. पोरांना मांडीवर घेऊन जायची सोय तिकडे नाही.