झाड थंडी सोसतं, फूल सोसत नाही

सिद्धनाथाचा रथ झाला की माणदेशात थंडी जाणवायला लागते. ज्वारी-हरभऱ्याला ती मानवते. फळबागवाला मात्र पहाटे उठून कळी न्याहाळत फिरतो. "साहेब, थंडीत टिकणारं वाण सांगा," हा प्रश्न दर हिवाळ्यात ऐकायला मिळतो. प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे.

डाळिंबाचंच घ्या. हे झाड मूळचं इराण-अफगाणिस्तानाकडचं. तिकडं हिवाळ्यात पानं झडून झाड विश्रांतीत जातं आणि शून्याखाली दहा अंशांपर्यंतची थंडी निभावून नेतं. तेच झाड फुलावर असताना पारा शून्याच्या जरासा खाली गेला, तरी कळी आणि कोवळी फूट करपते. वाण एकच, फरक अवस्थेचा. आपल्याकडं घरोघरी असलेल्या भगव्याचं नाव झालं ते रंग आणि टिकाऊपणामुळं, थंडी सोसण्यामुळं नव्हे. तेव्हा वाण विचारण्याआधी हे विचारा, की ऐन थंडीत माझं झाड कोणत्या अवस्थेत असणार?

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नव्हता. पाण्याची खात्री नसे, तिथं पावसावरचा मृग बहारच सोयीचा. आता उरमोडी, जिहे-कठापूरचं पाणी माणमध्ये आणि टेंभूचं आटपाडीकडं येऊ लागलं. बहार निवडायची मोकळीक आली, तसा थंडीचा हिशेबही आला.

मृग बहाराचं फूल जून-जुलैचं. त्याला थंडी नाही, पण पावसात तेल्याची भीती मोठी. हस्त बहाराचं फूल सप्टेंबर-ऑक्टोबरचं. फळ थंडीत पोसतं, रंग चांगला भरतो. मात्र दिवसा ऊन, रात्री गारठा आणि त्यात पाणी कमी-जास्त झालं, की फळ तडकतं. आंबे बहाराचं फूल जानेवारी-फेब्रुवारीचं. ताण तोडून पहिलं पाणी दिलं आणि त्याच आठवड्यात कडाका पडला, तर फूट रेंगाळते, कळी मागंपुढं निघते. अशा वेळी घाबरून टॉनिकं मारण्यात पैसा घालू नका. ऊब वाढली की फूट चालू लागते. पहिलं पाणी हवामानाचा अंदाज बघून द्या, एवढं तुमच्या हातात आहे.

सफरचंदाची गोष्ट याच्या उलटी. त्याला फुलायलाच थंडी लागते. डोंगरी भागातल्या जुन्या जातींना सात अंशांखालचे हजारभर तास लागतात. आपल्याकडं पंधरा रात्री चार-चार तास एवढा गारठा पडला, असं धरलं तरी साठच तास भरतात. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फुलणारं एचआरएमएन-99 वाण शोधलं. त्यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. काम मोठंच आहे. पण झाडाला फूल येणं वेगळं आणि फळाला रंग, चव, भाव मिळणं वेगळं. हौसेनं दोन-चार झाडं लावून बघा, एकरभर लागवडीची घाई करू नका.

आता कडाक्याच्या रात्रीचं बोलू. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, की गार हवा पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगटात साठते. म्हणून ओढ्याकाठची बाग आधी सापडते, माळावरची वाचते. अशी रात्र दिसली तर संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते. पहाटे शेकोट्या करायच्या तर बांधाकडेनं लहान-लहान, बऱ्याच करा. एकच मोठा जाळ केला तर ऊब सरळ वर निघून जाते.

गावच्या अधिकारी मंडळींनाही एक सांगणं आहे. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळानिहाय आहेत. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई या केंद्रांच्या नोंदीवर ठरते, तुमच्या बागेतल्या पाऱ्यावर नाही. केंद्र माळावर आणि बाग ओढ्यात असली, तर दोन्हीकडचा पारा एक नसतो. म्हणून केंद्राची जागा, भोवतालची झाडी, यंत्र चालू आहे की नाही, हे ग्रामसभेनं हंगामाआधी बघावं. नुकसान झाल्यावर ओरडून उपयोग नाही.

आणि शेतकऱ्यानं काय करावं? एक किमान-कमाल तापमापक घ्या. बागेत सावलीत, छातीएवढ्या उंचीवर टांगा. रोजचा पारा, पहिल्या पाण्याची तारीख, कळी कधी दिसली, गळ किती झाली, हे वहीत लिहा. संशोधन केंद्रं सर्वांसाठी शिफारस देतात. ती तुमच्या ओढ्याकाठच्या वावराला कशी लागू करायची, हे तीन हिवाळ्यांच्या नोंदी झालेली तुमचीच वही सांगेल.