ग्रंथपूजन आणि ग्रंथाध्ययन

आज विजयादशमी. घरोघरी पाटीवर सरस्वतीचे चिन्ह रेखाटले जाईल, पोथ्यांना गंधपुष्प वाहिले जाईल. या मंगल दिनी आम्ही वाचकांचे लक्ष एका परधर्मीय विद्याभ्यासाकडे वेधू इच्छितो. कारण ग्रंथावरील श्रद्धा आणि ग्रंथाची चिकित्सा या दोहोंची कसोटी तेथे एकाच वेळी लागते.

कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पश्चिम तीरावर बंगालमधील श्रीरामपूर वसले आहे. तेथील महाविद्यालय केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये स्थापिले. गाव त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. त्या देशाच्या राजाने १८२७ मध्ये सनद देऊन महाविद्यालयास पदवीदानाचा अधिकार बहाल केला. धर्मविद्येच्या पहिल्या पदव्या मात्र १९१५ साली दिल्या गेल्या. आज श्रीरामपूरच्या पदवीसाठी देशातील अनेक लहान महाविद्यालयांत बायबलचे अध्ययन चालते.

केरी यांचे नाव मराठीस परके नाही. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये व कोश १८१० मध्ये प्रसिद्ध केला. वाल्मीकिरामायणाचे मूळ संस्कृत श्लोक इंग्रजी भाषांतरासह १८०६ पासून छापले गेले, तेही याच श्रीरामपुरात.

या अभ्यासास येणारा विद्यार्थी बहुधा भाविक घरातला असतो. जो ग्रंथ त्याने बालपणी प्रार्थनेत ऐकला, तोच आता परीक्षेचा विषय होतो. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे, नवा करार ग्रीकमध्ये. अमुक भाग कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिला? हस्तलिखितांत पाठभेद का पडले? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वृक्ष व पशू आधी आणि मानव शेवटी. दुसऱ्यात मानव आधी, वृक्ष व पशू नंतर, हे कसे? असे प्रश्न गुरुजनच पुढे ठेवतात. मन हेलावते. डोळे मिटून घ्यावेत, की ग्रंथच दूर सारावा? या दोन्ही वाटा सोप्या आहेत. तिसरी वाट कष्टाची आहे: प्रत्येक वचनाचा हेतू शोधीत, प्रश्नासह श्रद्धेत उभे राहण्याची. पदवीचे खरे मोल आम्हांस या तिसऱ्या वाटेत दिसते.

ही वाट आपल्या परंपरेस अपरिचित आहे काय? मुळीच नाही. ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरलेले पाहून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्या भक्तीविषयी कोण शंका घेईल? पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची असंख्य हस्तलिखिते ताडून चिकित्सित आवृत्तीचे कार्य १९१९ मध्ये सुरू झाले व १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. त्यामुळे महाभारताची थोरवी तिळमात्र उणावली नाही.

तथापि आपल्या किती घरांतील पोथी वर्षातून एकदाच वस्त्राबाहेर येते? मुलाने अर्थ विचारला, तर त्यास उत्तर मिळते की गप्प बसविले जाते? विचारणाऱ्यास गप्प केले, की तो पुढे विचारीतही नाही आणि वाचीतही नाही.

पोथीवर फूल अवश्य वाहावे. परंतु उद्यापासून रोज निदान एक ओवी अर्थासह वाचावी, आणि घरातील लहानग्याने प्रश्न केल्यास त्याचे स्वागत करावे. सरस्वतीच्या पूजनाची सांगता अध्ययनानेच होते, अशी आमची श्रद्धा आहे.