द्राख्मे ते दामदुप्पट : एका शब्दाचा प्रवास

१/ नागपुरातील आमच्या वस्तीचे नाव जरीपटका. नाव मराठ्यांच्या ध्वजाचे, पण त्यातील 'जरी' फारसी. 'झर' म्हणजे सोने. येथील बाजारात रोज कानी पडणारा 'दाम' तर त्याहूनही दुरून आला आहे. शब्दांच्या शुद्धाशुद्धतेवर वाद घालणाऱ्यांनी त्याची वंशावळ अवश्य पाहावी.

२/ मूळ ग्रीक शब्द 'द्राख्मे', म्हणजे मूठभर. नाणे आणि वजन या दोहोंचे हे नाव. अथेन्सच्या चांदीच्या द्राख्मेचे वजन सुमारे ४.३ ग्रॅम होते.

३/ इराणमार्गे तो अरबीत 'दिरहम' झाला आणि अरबांबरोबर स्पेनला पोहोचला. तेथे त्याचे 'अदार्मे' झाले : औंसाचा सोळावा भाग, सुमारे १.८ ग्रॅम. पुढे स्पॅनिशमध्ये 'अदार्मे'चा अर्थ 'अगदी किंचित' असाही रूढ झाला.

४/ भारतात त्याचा 'द्रम्म' झाला. उत्तर कोकणातील शिलाहारांच्या लेखांत द्रम्म आढळतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) सोळा पणांचा एक द्रम्म, म्हणजे १२८० कवड्या, असे कोष्टक आहे.

५/ द्रम्माचा 'दाम' झाला. अकबराच्या काळी ४० दामांचा एक रुपया आणि ३० दामांच्या वजनाचा एक शेर. म्हणजे येथेही नाणे आणि वजन एकत्रच! आपला 'छदाम' याच कुळातला. 'छदामही देणार नाही' म्हणणारा मराठी माणूस आणि 'अदार्मेभरही नाही' म्हणणारा स्पॅनिश माणूस नकळत एकाच शब्दाचे वारस ठरतात.

६/ याच दामापासून 'दामदुप्पट' घडला. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येणार नाही, हा ऋणकोला वाचवणारा धर्मशास्त्रीय नियम. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानेही हे तत्त्व स्वीकारले.

७/ आज मात्र 'दामदुप्पट' म्हटले की पैसे दुप्पट करून देण्याचे आमिष आठवते. कर्जदाराची ढाल फसवणाऱ्याचा गळ झाली! माझ्या मते शब्द परका की आपला, हा प्रश्न गौण आहे. ग्रीक शब्दातून आपण न्यायाचा नियम घडवला, हे आपले कर्तृत्व. तो नियम विसरलो, ही आपली हानी. शब्दांचा इतिहास अभ्यासायचा तो यासाठी.