विहीर खारी का, हे कोण शिकवणार?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला. त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ मध्ये पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम आखून दिला. त्यातील ५० तासांपैकी ५ तास प्रत्यक्ष पाहणीसाठी होते. २०२३ मध्ये आयोगाने त्याची नवी चौकटही तयार केली. कागदावर हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु अनेक महाविद्यालयांत या विषयाची जी गत झाली ती सर्वश्रुत आहे. व्याख्या पाठ करावयाच्या, पर्यायी प्रश्नांवर खुणा करावयाच्या, मागील वर्षाची प्रकल्पवही उतरवून काढावयाची आणि उत्तीर्ण व्हावयाचे! ज्या शिक्षणाने विद्यार्थ्याला पायाखालच्या भूमीची ओळख करून द्यावयाची, ते ओझोनच्या थराविषयी चार ओळी लिहवून थांबते.

हे नुकसान किती मोठे आहे, हे पाहावयाचे असेल तर बाळापूरकडे पाहावे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावाच्या उत्तरेस पूर्णेचा खारपाणपट्टा पसरला आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावांत विहिरीला पाणी लागते, पण ते पिण्यास निरुपयोगी आणि पिकाला घातक असते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील नऊशेंहून अधिक गावांचा समावेश शासनाने केला, यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानात यावी.

हे पाणी खारे का? याचे उत्तर एका शास्त्राच्या चौकटीत बसत नाही. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन जमिनीत मुरते, सौम्य आम्ल बनते आणि त्या पाषाणाला झिजवते. त्यातूनच वऱ्हाडची काळी माती झाली. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधील खोलगट भागात नद्यांनी गाळाचे जाड थर आणून टाकले. उतार अल्प, माती चिकण, निचरा मंद आणि ऊन प्रखर. त्यामुळे क्षार वाहून न जाता साचत गेले. कोरड्या हवामानात मातीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बाहेर पडतो आणि सोडियमचे प्रमाण वाढते, हे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी पूर्णेच्या खोऱ्यातच दाखवून दिले आहे. सोडियम वाढला की मातीचे कण विस्कटतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. अशा जमिनीला खाऱ्या विहिरीचे पाणी दिले, तर रोग अधिकच बळावतो. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरण्याचा उपाय येथे का सुचविला जातो, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

खडक, हवा, पाणी, माती आणि जीवसृष्टी ही एकाच व्यवहारातील भागीदार आहेत, असे मानून त्यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या शास्त्राला पृथ्वीप्रणाली विज्ञान म्हणतात. १९८०च्या दशकात उपग्रहांच्या साहाय्याने त्याला आकार आला. बाळापूर तालुक्यात त्याचा दुसरा धडा पारसला आहे. तेथील औष्णिक विद्युत केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच उभारले गेले. कोट्यवधी वर्षे भूगर्भात बंदिस्त असलेला कार्बन अशा केंद्रांत काही तासांत हवेत जातो. एक टन कार्बन जळाला की सुमारे ३.७ टन कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ३१५ भाग होता. आता तो ४२०च्या पुढे गेला आहे. खडकाची झीज हाच वायू हवेतून काढून घेते, पण तिची गती युगांची आहे. काळी माती आणि पारसची चिमणी एकाच हिशेबाच्या जमा-खर्चाच्या बाजू आहेत, हे ज्याला उमगले त्याला हवामानबदल शिकविण्यासाठी ध्रुवावरच्या अस्वलाचे चित्र दाखवावे लागणार नाही.

या ज्ञानाचा संबंध केवळ परीक्षेशी नाही. वान धरणातील पाणी बाळापूर भागातील ६९ गावांना पिण्यासाठी देण्याच्या योजनेला तेल्हारा परिसरातील शेतकऱ्यांनी विरोध केला. सिंचनाचे पाणी जाईल, ही त्यांची भीती होती. योजनेला स्थगिती मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पदयात्रा निघाली. दोन्ही बाजूंना कष्टकरी माणसेच होती आणि दोघांचीही गरज खरी होती. अशा वेळी धरणात पाणी किती, त्यातले बाष्प होऊन किती जाते, कालव्यातून किती झिरपते, पिकाला किती लागते आणि पिण्याला किती, हा हिशेब गावाच्या हाती नसेल, तर निर्णय कचेरीत होतो आणि भांडण मात्र गावागावांत लागते. पाण्याच्या वाटपाला न्यायाचे अधिष्ठान हवे, यात शंका नाही; परंतु न्यायाची मागणी करणाऱ्यालाही मोजमाप मागता आले पाहिजे.

म्हणून प्रथम वर्षाचा हा अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या दारापासून सुरू झाला पाहिजे. विद्यार्थ्यांनी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर आपल्या गावच्या विहिरींची पातळी व क्षारता मोजावी, शेतातील मातीचा निचरा पाहावा, पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवाव्यात आणि हे आकडे मराठीत ग्रामसभेपुढे मांडावेत. यास मोठा निधी लागत नाही. क्षारता मोजण्याचे साधे उपकरण स्वस्त आहे, आणि अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या तज्ज्ञांना बोलावता येईल. अडचण आहे ती वेगळीच. असे शिकविण्यासाठी कायम शिक्षक हवेत, त्यांना शिवारात जाण्याची मोकळीक हवी आणि परीक्षेत त्या कामाला गुण हवेत. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करणे आणि त्याला त्यासाठी काहीच न देणे, हा अन्यायच होय.

कार्यकर्त्यांनीही शिक्षणाचा प्रश्न प्रवेश आणि शुल्क यांपाशी थांबवू नये. वर्गात काय शिकविले जाते आणि ते कोणाच्या उपयोगी पडते, हाही तितकाच राजकीय प्रश्न आहे. आपल्या तालुक्यातील महाविद्यालयात क्षेत्रपाहणीचे तास प्रत्यक्ष होतात की वहीतच भरले जातात, याची चौकशी करण्यापासून आरंभ करता येईल. खाऱ्या विहिरीचे पाणी शेंदणाऱ्या घरातील मुलगी पदवी घेऊन बाहेर पडते, तेव्हा ते पाणी खारे का आहे, हे तिला सांगता आले पाहिजे. एवढेही जे शिक्षण देऊ शकत नाही, त्याला सक्तीचे म्हणण्यात अर्थ नाही.