चेहऱ्याची आग म्हणजे नट्टापट्टा नव्हे

पोटगीच्या अर्जासाठी आमच्या केंद्रावर येणाऱ्या एका बाईंनी कागदपत्रं आवरून झाल्यावर जरा संकोचूनच विचारलं होतं, "ताई, तोंडाला काय लावू? फार आग होते." वय पंचेचाळिशीच्या आसपास. दिवसभर एका खानावळीत पोळ्या लाटायच्या. गाल आणि नाक तांबूस-काळसर झालेलं, वर बारीक पुळ्या. मी अर्ज फाइलला लावता लावता म्हटलं, "अहो, क्रीमचं काय घेऊन बसलात? आधी तारीख तर मिळू दे." त्या हसल्या आणि गेल्या.

सहा महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा चेहरा सुजलेला होता. पदराचा वारासुद्धा सोसत नव्हता. त्यांनी पिशवीतून एक चेपलेली ट्यूब काढली. पार्लरमधल्या मुलीनं सुचवलेली आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली. तीन वर्षं ती रोज लावत होत्या. मला पहिल्यांदा विचारलं तेव्हाही लावत होत्या. "काय लावता ते दाखवा बघू," एवढं एक वाक्य मी बोलले असते तर त्यांचे सहा महिने वाचले असते. ते मी बोलले नाही, कारण क्रीम हा विषय मला आपल्या कामातला वाटलाच नाही.

हे एकटीच्या चुकीचं रडगाणं म्हणून सांगत नाही. मला वाटतं, ही आपल्या सगळ्यांचीच सवय आहे आणि तिला कारणही आहे. सौंदर्याच्या बाजाराशी आपण खूप भांडलो आहोत. १९९६ साली बंगळूरला 'मिस वर्ल्ड' स्पर्धा भरली तेव्हा स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींमधून सावळ्या मुलीचा जो अपमान चालला होता, त्याविरुद्ध जनवादी महिला संघटनेनं तक्रारी केल्या आणि २००३ साली त्या जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' हा शब्द २०२० साली गेला. ही भांडणं योग्यच होती आणि अजून संपलेली नाहीत. पण भांडता भांडता आपण एक गल्लत केली. चेहऱ्याला काहीही लावणं म्हणजे बाजाराला शरण जाणं, असं आपण धरून चाललो. पाळीबद्दल, गर्भाशयाबद्दल आपण शिबिरं घेतली. नेट-एन इंजेक्शनचा प्रश्न १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. कातडी मात्र आपण सौंदर्याच्या खात्यावर टाकून मोकळ्या झालो. तीही शरीराचा अवयव आहे, तीही दुखते, तिलाही रोग होतात, हे लक्षातच घेतलं नाही.

आधी रोग समजून घेऊ

चेहऱ्याची अशी आग होण्याची कारणं अनेक असतात. त्यातलं एक म्हणजे रोझेशिया. गाल, नाक, कपाळ, हनुवटी या भागावर तांबूसपणा येतो, आधी येऊन-जाऊन आणि मग कायमचा. बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. मुरमांसारख्या पुळ्या येतात, पण मुरमांबरोबर असतात तसे काळे ठिपके नसतात. डोळेही चुरचुरतात. हा आजार साधारणपणे तिशीनंतर सुरू होतो आणि त्याचं निदान पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त होतं. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अस्वच्छतेमुळे होत नाही. पूर्ण बरा होईलच असं सांगता येत नसलं, तरी औषधांनी आटोक्यात नक्की राहतो.

पाठ्यपुस्तकांतून या आजाराची छायाचित्रं गोऱ्या चेहऱ्यांचीच जास्त असत. त्यामुळे तो गोऱ्या लोकांचा आजार असा समज पसरला. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तिथं चेहरा गरम वाटणं, टोचणं, चुरचुरणं हीच खूण. म्हणजे बाई जे सांगते तेच निदानाचं मुख्य साधन! आणि बाईनं सांगितलेलं खरं न मानण्याची आपल्याकडची परंपरा किती जुनी आहे, ते मी सांगायला नको. तिला 'मुरमं आहेत', 'उन्हानं काळवंडलंय', 'पाळी जाताना असं होतंच' असं सांगून परत पाठवलं जातं.

दुसरं कारण आपल्या देशात फार मोठं आहे. ते म्हणजे स्टिरॉइडची मलमं. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही त्यांतली नेहमीची नावं. ठरावीक आजारात, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही चांगली औषधं आहेत. पण ती चेहऱ्यावर लावली की रक्तवाहिन्या आकसतात आणि चार दिवसांत चेहरा उजळ, नितळ दिसू लागतो. म्हणून ती 'गोरं करणारी क्रीम' म्हणून खपतात. महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाली आणि पुळ्या येतात, लव वाढते. बंद केलं की आग भडकते आणि लावलं की शांत होते. म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. हे चक्र दिसायला थेट रोझेशियासारखंच दिसतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांवरच्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी सुचवलेलंच नव्हतं. २०१८ साली सरकारनं अशा १४ स्टिरॉइड मलमांच्या बिनचिठ्ठी विक्रीला बंदी केली. बंदी कागदावर आली, तरी आमच्या बाईंना ट्यूब मिळत राहिली.

सल्ला कुणासाठी?

रोझेशियाच्या बाईला डॉक्टर सांगतात: उन्हात जाऊ नका, शेगडीच्या धगीपाशी थांबू नका, गरम चहा आणि तिखट टाळा, मनावर ताण घेऊ नका. यातला प्रत्येक शब्द वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण खानावळीत पोळ्या लाटणारी, भर दुपारी निंदणी करणारी, कोर्टाच्या तारखा मोजणारी बाई यातलं काय टाळणार? तिच्या आजाराची कारणं म्हणजेच तिचा दिवस आहे. कामाच्या जागी पंखा, हवा जायला खिडकी, दुपारची सावली या मागण्या आपण केल्याच पाहिजेत आणि त्या कातडीच्या आजाराच्या नावानंही करता येतात. पण तोवर तिच्या हातात काय उरतं? चेहरा कशानं धुवायचा आणि त्यावर काय लावायचं, एवढंच. म्हणून मॉइश्चरायझरची निवड मला क्षुल्लक वाटत नाही.

मॉइश्चरायझरनं रोझेशिया बरा होत नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. पण या त्वचेची अवस्था गिलावा पडलेल्या भिंतीसारखी झालेली असते. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं काहीही आत शिरून टोचतं. साधं, सौम्य मॉइश्चरायझर तो गिलावा थोडा लिंपून देतं. आग कमी होते आणि डॉक्टरांनी दिलेलं औषधही सोसतं.

निवडायचं कसं?

पहिला नियम: डबीच्या पुढच्या बाजूला विश्वास ठेवू नका, मागची बाजू वाचा. 'सौम्य', 'हर्बल', 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' असं छापलं म्हणून ते आपल्या चेहऱ्याला सोसेलच असं नाही. मागच्या यादीत जितकी नावं कमी, तितकं बरं. ग्लिसरिन, पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेली), लिक्विड पॅराफिन, डायमेथिकोन, सेरामाइड ही नावं दिसली तर सहसा काळजीचं कारण नाही. परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स, अल्कोहोल डिनॅट, मेंथॉल, कापूर, पुदिन्याचं किंवा निलगिरीचं तेल, लिंबाच्या सालीचं तेल ही नावं दिसली तर ती डबी परत ठेवा. ग्लायकॉलिक आम्ल, रेटिनॉल, 'उजळपणा' देणारं काहीही या त्वचेसाठी नको. 'फ्रॅग्रन्स-फ्री' आणि 'अनसेंटेड' हे दोन शब्द एक नव्हेत. दुसऱ्यात मूळ वास झाकण्यासाठी घातलेला वास असू शकतो. आपल्याला पहिला हवा.

दुसरा नियम: किंमत ही कसोटी नव्हे. 'रोझेशियासाठी खास' असं छापलेली छोटीशी ट्यूब बाईच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढी पडू शकते. औषधाच्या दुकानात व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन असलेली, वास नसलेली साधी क्रीम त्याहून बऱ्याच स्वस्तात मिळतात. विदर्भातल्या कोरड्या थंडीत घट्ट क्रीम चांगलं. कोकणात, मुंबईत, घामाच्या दिवसांत तेच चिकट होतं आणि चेहरा आणखी तापवतं. तिथं पातळ लोशन बरं.

तिसरा नियम: घाई नको. नवं क्रीम आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रोज लावून चार-पाच दिवस पाहा. मग जबड्याच्या कडेला. मगच चेहऱ्यावर. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, नाहीतर कशानं बिघडलं ते कळणार नाही. चेहरा गार किंवा अगदी कोमट पाण्यानं धुवावा, मऊ सुती कापडानं टिपावा, घासू नये. कातडी किंचित ओलसर असतानाच क्रीम हलक्या हातानं लावावं, सकाळ-संध्याकाळ. बाहेर पडताना छत्री, पदर, टोपी हवीच. परवडत असेल तर झिंक ऑक्साइड असलेलं, बिनवासाचं सनस्क्रीन.

आणि एक नियम आपल्याच मंडळींसाठी. बाजाराला विरोध म्हणून आपण पुष्कळदा घरगुती उपाय सांगतो: लिंबू-बेसन, मुलतानी माती, उटणं, हळद. निरोगी त्वचेला ते चालतही असेल. पण सोलवटल्यासारख्या झालेल्या चेहऱ्यावर लिंबाचं आम्ल आणि उटण्याचा खरखरीतपणा म्हणजे जखमेवर मीठ. स्वयंपाकघरातून आलं म्हणून ते सौम्य ठरत नाही. बाजारू दाव्यांना आपण लावतो तीच कसोटी आजीच्या उपायांनाही लावली पाहिजे.

आपण काय करू शकतो?

मैत्रिणींनो, यासाठी वेगळा निधी नको की वेगळा प्रकल्प नको. सल्ला केंद्रावर एखादी बाई चेहऱ्याची तक्रार घेऊन आली तर तिला म्हणा, "जे जे लावता ते सगळं उद्या घेऊन या." ट्यूबवर 'आरएक्स' हे चिन्ह किंवा स्टिरॉइडचं नाव दिसलं तर तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा, शक्यतो बरोबर जा. खूप दिवस लावलेलं स्टिरॉइड एकदम बंद केलं तर आग उसळते. म्हणून 'फेकून द्या' असं परस्पर सांगू नका. ते कसं थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील. डोळे लाल होत असतील, दुखत असतील तर थांबूच नका. बिनचिठ्ठी विकणाऱ्या दुकानाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते. ती बाईच्या एकटीच्या नावानं न करता संघटनेच्या नावानं करा. पार्लर चालवणाऱ्या मुलींनाही शिबिराला बोलवा. त्याही आपल्यातल्याच, त्यांनाही कुणी काही शिकवलेलं नसतं.

एक मागणी मात्र मोठी आहे. घटकांची ती यादी बहुतेक वेळा इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत असते. जी बाई ते क्रीम चेहऱ्याला फासणार, तिलाच ती वाचता येत नाही. ती वाचता येईल अशा अक्षरांत, मराठीत छापली गेली पाहिजे. रेशनकार्डावरच्या नोंदीपासून सात-बाऱ्यापर्यंत आपण बायकांना कागद वाचायला शिकवलं. डबीची मागची बाजू हाही तसलाच एक कागद आहे.

त्या बाईंचं पुढं काय झालं, हे विचाराल म्हणून सांगते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ट्यूब हळूहळू सुटली. मधले दोन-तीन महिने फार वाईट गेले. बिनवासाचं स्वस्तातलं क्रीम आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध यांवर आता पुष्कळ उतार आहे, तरी उन्हाळ्यात चेहरा तापतोच. पोळ्या अजून लाटतात, कारण पोटगीचा निकाल अजून लागायचा आहे. गेल्या महिन्यात त्या शेजारणीला घेऊन आल्या होत्या. मी काही बोलायच्या आतच त्यांनी तिला सांगितलं, "ट्यूब काढ पिशवीतून, ताईंना दाखव."