प्रबंधाची कसोटी

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेस अलीकडे साक्षगंधाची कळा आली आहे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, छायाचित्रे सारे असते. नसतो तो फक्त प्रश्न. नियमाने ही परीक्षा खुली असते. विभागातील अध्यापक, संशोधक विद्यार्थी व विषयाचे जाणकार तेथे उपस्थित राहू शकतात. परंतु मागे एका परीक्षेत, कापूस उत्पादकांची पाहणी नेमकी कोणत्या गावांत केली, एवढेच मी विचारले, तेव्हा ‘सर, जेवण थंड होते आहे’ असे उत्तर मिळाले. सर्वजण हसले. उमेदवार मात्र खाली पाहत राहिला. त्याच्या कष्टांचा तो सन्मान नव्हता.

प्रश्न विचारणे म्हणजे उमेदवाराचा अपमान, ही समजूतच मुळात चुकीची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध १९२२ मध्ये लंडन विद्यापीठास सादर केला. परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. पुन्हा लिहावयास सांगितला. बाबासाहेबांनी मुंबईस परतल्यावर तो सुधारून पाठविला आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. विशेष म्हणजे त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच आपले मतभेद उघड नोंदविले. त्यामुळे ना शिष्य लहान झाला, ना गुरू. १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, तेव्हा अशा कसोटीतून गेलेला विचारच त्यांच्या पाठीशी होता.

आपल्याकडे मात्र दुरुस्ती सुचविणे हे वैर मानले जाते. उचलेगिरी शोधणारी यंत्रे आली, हे योग्यच झाले. तथापि यंत्र शब्द जुळवून पाहते. आकडे शेतातून आले की टेबलावर बसून रचले, हे त्यास कळत नाही. ते प्रश्नानेच कळते.

आमच्या नांदगाव पेठेत औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने उभे आहेत आणि भोवती कपाशीची शेते आहेत. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास याहून मोठी प्रयोगशाळा कोठे मिळणार? म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते की, परीक्षेची तारीख आधी जाहीर व्हावी, प्रबंधाचा मराठी सारांश ग्रंथालयात ठेवावा आणि जेवणावळ बंद व्हावी. ज्या शेतकऱ्याच्या आकड्यांवर पदवी मिळते, त्याने समोर बसून ‘हे कुठले?’ असे विचारले, तर उत्तर देता आले पाहिजे. ज्यास ते देता येईल, त्याच्या नावामागील ‘डॉक्टर’ शोभेल.